आवाज बंद करून गाणं बघा

गेल्या अंकात म्युझिक व्हिडिओ कसा बघावा यावर मी जेमतेम पानभर लिहिलं होतं. त्यात एवढंच म्हटलं होतं की व्हिडिओ ही गाण्याची जाहिरात असते हे खरंच आहे, पण जाहिरात आहे म्हणून ती डोकं बाजूला ठेवून बघायची असं काही नाही. त्यावर एवढ्या मेल आल्या की मलाच आश्चर्य वाटलं. सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही, सारखे प्रश्न एकत्र केलेत, काहींची पत्रं कापलीत, रागावू नका.

ताई, मी मीडियाच्या पहिल्या वर्षाला आहे. एका म्युझिक व्हिडिओचं विश्लेषण लिहायचं होतं, मी तीन पानं लिहिली आणि मॅडम म्हणाल्या की ही तर नुसती स्टोरी सांगितलीस, विश्लेषण कुठंय? खरं सांगू का, मला दोन्हीतला फरकच कळलेला नाहीये. — पहिल्या वर्षाची विद्यार्थिनी

अगं, हे सगळ्यांचंच होतं, मीही सुरुवातीला असंच लिहायचे. ती खोलीत बसलीये, मग तो येतो, मग भांडण होतं, मग ती निघून जाते. हे सगळं खरं असतं पण ते तर बघणाऱ्याला दिसतंच आहे, तुझी गरज काय? विश्लेषण सुरू होतं 'कसं' पासून. ती बसलीये, ठीक आहे, पण कॅमेरा तिच्यापासून किती लांब आहे? तिच्या डोळ्यांच्या उंचीवर आहे की वरून बघतोय? उजेड खिडकीतून येतोय की कुठून येतोय तेच कळत नाहीये?

माझी एक जुनी सवय सांगते. व्हिडिओ पहिल्यांदा नुसता बघायचा, नोट्स नाहीत काही नाही, आवडला तर आवडला. दुसऱ्यांदा आवाज पूर्ण बंद करून बघायचा. हे करून बघच, आवाज गेला की पहिल्या वेळेस जे सुटलं होतं ते एकदम अंगावर येतं, कट किती आहेत म्हणजे एका शॉटवरून दुसऱ्यावर किती वेळा उडी मारलीये, गायक कॅमेऱ्याकडे बघतो की नाही, हात काय करतायत. आणि तिसऱ्यांदा डोळे मिटून फक्त गाणं ऐकायचं. मग स्वतःला विचारायचं, चित्राने या गाण्यात असं काय आणून टाकलं जे नुसतं ऐकताना नव्हतं? ते जे उरतं ना, तेच तुझं विश्लेषण. मग एकच मिनिट निवड आणि त्यातला प्रत्येक शॉट लिहून काढ. कोण दिसतंय, किती जवळून, कॅमेरा हलतोय का, कट ठेक्यावर पडला की शब्दावर की मधेच कुठेतरी. कंटाळवाणं काम आहे पण याला पर्याय नाही.

उदाहरण म्हणून आयरिश गायिका सिनेड ओकॉनरचं 'नथिंग कम्पेअर्स टू यू' घे, १९९०चा व्हिडिओ, डायरेक्टर जॉन मेबरी. गाणं मुळात प्रिन्स या अमेरिकन गायकाचं. यात स्टोरी शोधायला गेलीस तर हाताला काहीच लागणार नाही, कारण बहुतेक वेळ काळ्या पार्श्वभूमीवर फक्त तिचा चेहरा आहे, काळे कपडे, डोक्यावर बारीक कापलेले केस, आणि मधे मधे ती एका बागेत चालताना दिसते. बस्स. आता स्टोरी सांगणारा इथे अडकतो. 'कसं' विचारणाऱ्याकडे मात्र लिहायला भरपूर आहे. केस नाहीत, दागिने नाहीत, मागे काही नाही, म्हणजे नजर दुसरीकडे कुठे जाऊच शकत नाही, ती डोळ्यांवरच येऊन थांबते. ती थेट आपल्याकडे बघत गातेय, त्यामुळे गाणं ज्या माणसाला उद्देशून आहे त्याच्या जागी नकळत आपण जाऊन बसतो. आणि शेवटाकडे अश्रू येतात. ते ठरवून आणलेले नव्हते, आईची आठवण आली म्हणून आले असं तिनेच पुढे सांगितलंय. गंमत म्हणजे इतका वेळ चेहऱ्यावर काहीच घडलेलं नसतं, म्हणून एक थेंब गालावरून ओघळला तरी तो व्हिडिओतला सगळ्यात मोठा प्रसंग होतो. पंचवीस लोकेशनं आणि चाळीस कपडे असते तर तो थेंब कुणाच्या लक्षातही आला नसता.

अजून एक युक्ती, परीक्षेतही उपयोगी पडेल. मनातल्या मनात एक गोष्ट बदलून बघायची. समज हाच चेहरा क्लोजअपमध्ये नसून लांबून दिसतोय आणि मागे पूर्ण बँड वाजवतोय. काय गेलं? जे गेलं ते त्या क्लोजअपमुळे होतं. आता वाक्य असं लिही की अमुक निवडलंय, त्यामुळे तमुक वाटतं, आणि त्यातून गायिकेबद्दल हे कळतं. तीन पानं लागणारच नाहीत, दीड पुरेल, आणि मॅडम पण खूश.

गाण्याचे शब्द एक सांगतात आणि व्हिडिओत भलतंच चाललेलं असतं. माझं स्पष्ट मत आहे की डायरेक्टरने गाणं ऐकलेलंच नसतं. चूक की बरोबर? — एक चिडलेले श्रोते

कधीकधी बरोबर असता तुम्ही! असे व्हिडिओ आहेत, ढीगभर आहेत. पण प्रत्येक वेळी नाही.

अँड्र्यू गुडविन नावाच्या अभ्यासकाने नव्वदच्या दशकात याची एक साधी विभागणी केली होती ती मला अजूनही सगळ्यात कामाची वाटते. चित्र गाण्याशी तीन तऱ्हेने वागतं. एक तर शब्दात आहे तेच दाखवतं, पाऊस म्हटलं की पाऊस. दुसरं, शब्दात जे बीज आहे ते वाढवतं, त्याला नवीन काहीतरी जोडतं. आणि तिसरं, शब्दांपासून सरळ फारकत घेतं. तुमचा राग तिसऱ्या प्रकारावर आहे, आणि माझ्या मते खरा आळस पहिल्या प्रकारात असतो. गायक 'दार' म्हणाला की दार, 'आग' म्हणाला की आग, हे काय विचार करणं झालं? लहान मुलांच्या चित्रांच्या पुस्तकासारखं आहे ते.

दुसऱ्या प्रकाराचं छान उदाहरण म्हणजे कोल्डप्ले बँडचं २००२चं 'द सायंटिस्ट'. गाण्यात परत सुरुवातीला जाण्याची इच्छा आहे, तर अख्खा व्हिडिओच उलटा चालतो, आणि उलटा चालत चालत शेवटी एका कार अपघाताशी येऊन पोचतो, म्हणजे गायक सुरुवातीला पोचला तेव्हा तिथे वाट बघत बसलेली होती ती दुर्घटना. पण उलट्या चालणाऱ्या जगात त्याचे ओठ मात्र गाण्याशी बरोबर जुळतात, कारण बँडचा गायक ख्रिस मार्टिन सगळं गाणं उलटं म्हणायला शिकला होता. शब्दात अपघात कुठेच नाही. पण व्हिडिओ बघितल्यावर ते गाणं तुम्ही त्या गाडीशिवाय ऐकू शकत नाही.

आणि फारकत म्हणाल तर मॅडोनाचं 'मटेरियल गर्ल', १९८५, डायरेक्टर मेरी लॅम्बर्ट. गाणं म्हणतं मला पैसेवालाच पाहिजे. गुलाबी ड्रेस, हिरे, भोवती सूटबूटवाले पुरुष, हे सगळं मेरिलिन मन्रोच्या १९५३च्या सिनेमातल्या एका गाजलेल्या नाचावरून जसंच्या तसं उचललेलं. पण व्हिडिओत ती एक अभिनेत्री आहे जी हे गाणं शूट करतेय, आणि सेटच्या बाहेर तिला महागड्या भेटवस्तूंचा कंटाळा आलाय, साधी फुलं घेऊन येणाऱ्या माणसाबरोबर ती एका जुनाट ट्रकमध्ये बसून निघून जाते. म्हणजे गाणं झालं एक भूमिका आणि खरी मुलगी वेगळी. त्यावरही कडी म्हणजे तो साधा दिसणारा माणूस श्रीमंत प्रोड्युसर असतो, गरीब असल्याचं नाटक करत असतो. आता सांगा, मॅडोना मटेरियल गर्ल आहे की नाही? गाणं हो म्हणतं, चित्र नाही म्हणतं, आणि शेवट डोळा मारतो. डायरेक्टरने गाणं ऐकलं नव्हतं असं म्हणाल तुम्ही?

ब्लॅक अँड व्हाइट म्हणजे दुःखी मूड आणि लाल रंग म्हणजे प्रेम किंवा धोका, असं आमच्या नोट्समध्ये दिलंय. बरोबर ना? — परीक्षार्थी

नोट्स फाडू नकोस पण त्यावर फार भरवसाही ठेवू नकोस. मॅडोनाचं 'व्होग' ब्लॅक अँड व्हाइट आहे, १९९०, डेव्हिड फिंचरने केलेलं, त्यात दुःख कुठंय? तिथे काळा-पांढरा रंग जुन्या हॉलिवूडच्या फोटोंची आठवण करून देण्यासाठी आहे, म्हणजे मूड थाटाचा आहे. रंगाचा स्वतःचा अर्थ नसतो, शेजारी काय आहे त्यावरून ठरतो. 'थ्रिलर' मधलं मायकल जॅक्सनचं लाल जाकीट लाल का आहे, तर बाकी सगळी फ्रेम काळोखी आणि मळकट रंगांची आहे आणि त्या गर्दीत तो उठून दिसायला पाहिजे. प्रेमाबिमाचा काही संबंध नाही.

मूडवर लिहायचंच असेल तर वेगाबद्दल लिही, ते कुणी लिहीत नाही. तू असे व्हिडिओ पाहिले असशील की ज्यात गायक स्लो मोशनमध्ये चालतोय, केस हळू उडतायत, पण ओठ मात्र गाण्याशी अगदी बरोबर हलतायत. हे कसं होतं? शूटच्या वेळी गाणं दुप्पट वेगाने वाजवतात, गायक त्या वेगाने भराभर गातो, कॅमेरा सेकंदाला नेहमीच्या दुप्पट फ्रेम टिपतो, आणि नंतर ते साध्या वेगाने चालवलं की ओठ जागेवर येतात आणि बाकी जग मात्र पाण्याखाली असल्यासारखं संथ होतं. बघणाऱ्याला कारण कळत नाही, पण काहीतरी स्वप्नासारखं चाललंय हे अंगाला जाणवतं. मूड म्हणजे बऱ्याचदा हेच असतं.

माझा मुलगा सोळा वर्षांचा आहे. टीव्हीवर कुठलंही इंग्लिश गाणं लागलं की तो पॉज करतो आणि दाखवतो, हा बघा त्रिकोण, हा बघा एक डोळा झाकला, ही सगळी गुप्त संघटनेची चिन्हं आहेत. मी त्याला वेड्यात काढतो पण आता मलाही सगळीकडे त्रिकोण दिसायला लागलेत. खरंच असं काही असतं का हो? — वैतागलेले बाबा

बाबा, शेवटचं वाक्य वाचून मी पाच मिनिटं हसत होते.

पण मुलाला वेड्यात काढू नका, तो पॉज करतोय ही फार चांगली सवय आहे, फक्त त्याला चुकीचा प्रश्न पडतोय. तो विचारतोय 'यात काय लपवलंय'. त्याला विचारायला सांगा 'यात काय दाखवलंय'. माझा अनुभव असा की नव्वद टक्के लोक दडलेलं शोधण्याच्या नादात समोर ढळढळीत ठेवलेलं बघतच नाहीत.

ही भीतीही काही आजची नाही. 'थ्रिलर' १९८३ साली आला तेव्हा त्याच्या सुरुवातीलाच एक सूचना झळकते, की माझ्या वैयक्तिक श्रद्धांमुळे मी स्पष्ट करू इच्छितो की या फिल्ममधून भुताखेतांवरच्या विश्वासाचं समर्थन केलेलं नाही. जॅक्सन तेव्हा यहोवाज विटनेस पंथात होता, त्यामुळे ती पाटी. भुतांचा चौदा मिनिटांचा व्हिडिओ, आणि आधी माफीनामा!

मुलाला 'दिस इज अमेरिका' दाखवा, चाइल्डिश गॅम्बिनो या अमेरिकन रॅपरचं, २०१८, डायरेक्टर हिरो मुराई. हिंसा आहे त्यात, तेव्हा आधी तुम्ही बघा आणि मग ठरवा. त्या व्हिडिओत लोकांनी शेकडो चिन्हं शोधली, त्याच्या पँटपासून मागून जाणाऱ्या घोड्यापर्यंत. पण त्याची मूळ युक्ती अगदी उघडी आहे. पुढे गॅम्बिनो आणि शाळेच्या गणवेशातली पोरं मस्त नाचतायत, कॅमेरा त्यांच्याच बरोबर फिरतोय, आणि मागे धावपळ, मारामारी, आग, एक माणूस वरून खाली पडतो. आपलं लक्ष नाचाकडेच राहतं. पहिल्यांदा बघून झाल्यावर मला विचारलं असतं मागे काय होतं, तर मला निम्मंही सांगता आलं नसतं, आणि मग लक्षात आलं की हाच तर मुद्दा आहे, मनोरंजन चालू असताना आपण मागचं बघत नाही हे त्याने सांगितलं नाही, माझ्याकडून करवून घेतलं. आणि दोनदा गोळीबार होतो तेव्हा बंदूक लाल कापडात अलगद, जपून घेतली जाते, पहिल्या वेळी मेलेल्या माणसाला मात्र फरफटत नेतात. यात गुप्त काय आहे? सगळं समोर आहे. बघायला धीर पाहिजे फक्त.

उलट बाजूचंही सांगते. आर.ई.एम. बँडचं 'लूझिंग माय रिलिजन', १९९१, डायरेक्टर तरसेम सिंग, आपल्या जालंधरचा माणूस. देवदूताचे पंख, बाणांनी विंधलेला संत, भारतीय देवदेवतांसारखी रूपं, कारावाज्जिओ या जुन्या इटालियन चित्रकाराच्या चित्रांसारखा अंधारातून येणारा उजेड. हे बघून जगाने ठरवलं की गाणं धर्म सोडण्याबद्दल आहे. पण नावातला तो वाक्प्रचार अमेरिकेच्या दक्षिणेकडचा आहे, आणि त्याचा अर्थ साधारण आपल्या 'डोकं फिरणं', 'संयम सुटणं' असा होतो. गाणं आहे एकतर्फी ओढीबद्दल. मग व्हिडिओ चुकला का? मला नाही वाटत. एखाद्या माणसामागे असं वेडं होणं हे भक्तीच्या फार जवळ जातं, आणि चित्राने तो दुवा जोडून दिला. तुमचा मुलगा इथे चिन्हं शोधेल तर त्याला भरपूर मिळतील, पण 'ती गाण्याला काय करतात' हे विचारल्याशिवाय सोडू नका.

आणि अर्थ नेहमी कुणीतरी ठरवून पेरलेला असतो असंही नाही हं. कोल्डप्लेच्या 'यलो' मध्ये गायक एकटाच पावसाळी समुद्रकिनाऱ्यावर चालत गातो, एकच लांबलचक शॉट, अंधारापासून उजेडापर्यंत. या एकटेपणावर मी स्वतः एकदा मोठ्ठा परिच्छेद लिहिलाय, छापून आलाय. मग कळलं की बाकीचे तिघे फ्रेममध्ये नाहीत कारण त्याच दिवशी ड्रमरच्या आईचा अंत्यविधी होता, आणि पाऊस होता कारण पाऊस होता. माझा परिच्छेद खोटा ठरला का? घरी बरीच चेष्टा झाली, पण मी म्हणेन नाही ठरला. कारण काहीही असो, पडद्यावर एकटा माणूस आहे आणि बघणाऱ्याला तोच दिसतो. फक्त 'डायरेक्टरला असं म्हणायचंय' हे वाक्य मी तेव्हापासून लिहीत नाही, 'व्हिडिओत असं दिसतं' असं लिहिते.

ताई, कलाकाराची इमेज म्हणतात ती खरी असते की कंपनीने बनवलेली? माझ्या आवडत्या गायिकेचा नवा व्हिडिओ बघून मला फसवल्यासारखं वाटलं. ती आधी अशी नव्हती. — दहा वर्षांची फॅन

'ती आधी अशी नव्हती' हे वाक्य फार महत्त्वाचं आहे बरं का, कारण त्यात तू नकळत कबूल केलंस की तुझ्या मनात तिचे सगळे जुने व्हिडिओ एकावर एक रचून ठेवलेले आहेत. इमेज म्हणजे तोच ढीग. एक व्हिडिओ कधीच एकटा नसतो, तो आधीच्यांशी बोलत असतो, कधी त्यांच्याशी भांडत असतो. खरी की खोटी हे तुला मला कळणार नाही, आपण तिच्या घरी थोडेच राहतो, पण ती कशाची बनलीये हे मात्र बघता येतं.

बियॉन्सेचं बघ. २००८मध्ये तिने एकदम दोन गाणी काढली, 'इफ आय वेअर अ बॉय' आणि 'सिंगल लेडीज', दोन्ही व्हिडिओ जेक नावा या एकाच डायरेक्टरचे आणि दोन्ही ब्लॅक अँड व्हाइट. पहिल्यात गोष्ट आहे, ती पोलिसाच्या नोकरीत, नवरा तिची वाट बघतोय, भूमिकांची अदलाबदल, तिचा चेहरा थकलेला. दुसऱ्यात काही म्हणजे काही नाही, रिकामी जागा, तीन बायका, न थांबता नाच, आणि डाव्या हातात धातूचा चमकता पंजा. ज्या हातात अंगठी नाही म्हणून गाणं आहे तोच हात. अल्बमही दोन भागांत होता, एक हळवी ती आणि एक साशा फिअर्स नावाचं तिचं स्टेजवरचं रूप. म्हणजे 'खरी बियॉन्से कोणती' हा प्रश्न तिने स्वतःच मार्केटमध्ये आणला! आणि मग २०१६मध्ये 'फॉर्मेशन' येतं, डायरेक्टर मेलिना मत्सुकास, त्यात ती पुराच्या पाण्यात अर्धवट बुडालेल्या न्यू ऑर्लिन्सच्या पोलिसांच्या गाडीवर उभी आहे. २००५च्या कॅटरिना वादळात ते शहर बुडालं होतं आणि मदतीच्या बाबतीत काळ्या वस्त्यांचे जे हाल झाले ते अमेरिकेत कुणी विसरलेलं नाही. तेव्हाही तुझ्यासारखे कितीतरी फॅन म्हणाले असतील की ही आधी अशी नव्हती. पण २००८चा तो हात आणि २०१६ची ती गाडी शेजारी ठेवून बघ, दोन्हीत ती बघणाऱ्याकडे सरळ रोखून बघतेय. नजर तीच आहे, मुद्दा मोठा झालाय.

नजरेवरून आठवलं. लॉरा मल्व्ही या अभ्यासिकेने १९७५मध्ये सिनेमाबद्दल दाखवून दिलं होतं की कॅमेरा बऱ्याचदा पुरुषाच्या डोळ्याने बाईकडे बघतो, बाई बघण्याची वस्तू होते आणि पुरुष बघणारा. गायिकांच्या व्हिडिओत हे तपासायची सोपी रीत आहे. कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर किती वेळ असतो आणि बाकी शरीराच्या तुकड्यांवर किती वेळ? आणि ती परत बघते का? जो परत बघतो त्याच्याकडे थोडी सत्ता येते. अर्थात परत बघणं हेही विकता येतं, हे मान्य.

बँडचंही तसंच. क्वीन बँडच्या १९७५च्या 'बोहेमियन ऱ्हाप्सडी' मध्ये अंधारात वरून उजेड पडलेले ते चार चेहरे आहेत ना, ते त्यांच्याच आधीच्या एका अल्बमच्या कव्हरवरून घेतलेत. शूट तर काही तासांत उरकलं होतं. चार तासांच्या कामात जुना फोटो हलता केला आणि तो त्यांचा कायमचा चेहरा होऊन बसला.

आणि इमेज मोडताना बघायची असेल तर अमेरिकन गायक जॉनी कॅशचं 'हर्ट' बघ, डायरेक्टर मार्क रोमानेक. गाणं मूळ नाइन इंच नेल्स या बँडचं, एका तरुण माणसाच्या आत्मनाशाचं. इथे सत्तरीचा, हात थरथरणारा कॅश आपल्याच घरात बसून ते म्हणतो, मधे मधे त्याच्या तरुणपणीची दमदार दृश्यं येतात आणि त्याच्या नावाचं बंद पडलेलं, मोडकळीला आलेलं म्युझियम. चाळीस-पन्नास वर्षं घडवलेली 'काळ्या कपड्यातला कणखर माणूस' ही इमेज, तिचेच तुकडे घेऊन तिच्यावर ठेवलेत. जिन्यावर उभी राहून बायको जून त्याच्याकडे बघते, तो शॉट मला दोनदा सलग बघवत नाही. ती मे २००३मध्ये गेली, तो त्याच सप्टेंबरात. ज्याने गाणं लिहिलं तो ट्रेंट रेझ्नर म्हणाला की हे गाणं आता माझं राहिलं नाही. आता हे खरं की बनवलेलं? बनवलेलंच आहे, लाइट लावलेत, कट केलेत, शेवटी पियानोचं झाकण मिटतं ते काय आपोआप मिटलं? तरी खोटं म्हणायची तुझी हिंमत होईल?

तुझ्या गायिकेबद्दल एवढंच, की फसवणूक झाली असं वाटतंय तर नेमकी कशाने वाटतेय ते लिहून काढ. कपडे? आवाज? की ती आता तुझ्याकडे बघत नाहीये हे?

हल्लीच्या व्हिडिओत इतके भराभर कट का असतात? डोकं दुखतं. — निवृत्त शिक्षक

सर, कारण जमतं म्हणून. सिनेमात दोन माणसं बोलत असतील तर एका शॉटमध्ये निळा शर्ट आणि पुढच्या शॉटमध्ये पिवळा असं चालत नाही, धागा तुटतो. म्युझिक व्हिडिओत धागा गाण्याचा असतो, तो तुटतच नाही, म्हणून ओळीच्या मध्यात कपडे बदला, शहर बदला, ओठ जुळले की डोकं सगळं मान्य करतं. शूटलाही गायक तेच गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत वेगवेगळ्या जागी पुन्हा पुन्हा म्हणतो, मग एडिटरकडे भरमसाठ माल असतो आणि हात आवरत नाही. बाकी डोकेदुखीबाबत मी तुमच्याच बाजूची आहे.

सिनेमातलं गाणं आणि म्युझिक व्हिडिओ, दोन्ही बघायची पद्धत एकच का? — एक गृहिणी

कॅमेरा, उजेड, कट यासाठी एकच. पण एक मोठा फरक लक्षात ठेवा. आपल्या सिनेमातलं गाणं पात्राचं असतं, ओठ नटाचे आणि गळा भलत्याचाच, त्यामुळे विचारायचं असतं की कथेत ते गाणं काय करतं. म्युझिक व्हिडिओत बहुतेक वेळा ज्याचा गळा त्याचाच चेहरा, आणि मागेपुढे कथा नाही, म्हणून सगळा भार त्या माणसावर येतो. म्हणूनच तिथे इमेजचा प्रश्न एवढा मोठा होतो.

आमचा चार जणांचा बँड आहे, पहिल्या गाण्याचा व्हिडिओ करायचाय, पैसे जवळजवळ नाहीत. ड्रोन भाड्याने घ्यावा म्हणतोय, निदान भारी तरी दिसेल. — ड्रमर

अरे ड्रोनने काय दिसेल? वरून चार ठिपके. तुम्ही नवे आहात, लोकांनी तुमचे चेहरे अजून पाहिलेलेच नाहीत आणि तुम्ही आकाशात निघालात.

पैसे नसताना एक ठाम कल्पना लागते, आणि ती अशी की तिच्यातून तुम्ही कोण आहात ते कळेल. बॉब डिलनने १९६५मध्ये लंडनच्या एका गल्लीत उभं राहून गाण्यातले शब्द लिहिलेले पुठ्ठे एकेक करून खाली टाकले, ओठ हलवायचीही तसदी घेतली नाही, काही शब्द मुद्दाम चुकीचे लिहिलेले. खर्च पुठ्ठ्यांचा. पण त्यातून कळतं की हा माणूस शब्दांचा आहे आणि त्याला तुमची फारशी पर्वा नाही. २००६मध्ये ओके गो बँडने आठ ट्रेडमिलवर एका टेकमध्ये, म्हणजे कुठेही न थांबता, नाच केला, कॅमेरा जागचा हलत नाही, नाच बसवला होता गायकाच्या बहिणीने. त्याला ग्रॅमी मिळालं. चौघं गंभीर चेहऱ्याने मूर्खपणा करतात आणि तोच त्यांचा स्वभाव म्हणून जगाला कळला, पुढचे कितीतरी व्हिडिओ त्याच वाटेने गेले.

तेव्हा आधी चौघं बसा आणि गाणं बंद करून विचार करा की आपल्यातलं असं काय आहे जे ऐकू येत नाही पण दिसू शकतं. तू ड्रमर आहेस, तुमच्या व्हिडिओत ड्रमर मागे अंधारात बसलेला नसेल एवढं तरी बघ. मोबाइल स्टँडवर लावा, एक खिडकी पकडा, दुपारी उजेड तिच्यातून तिरका येईल तेव्हा शूट करा, चार-पाच टेक सलग घ्या. झाल्यावर मला लिंक पाठव. मी आधी आवाज बंद करून बघणार आहे, आत्ताच सांगून ठेवते.